कुंपण आहे, फवारणीही झाली, तरी हरणं येतात: चूक कुठे आहे ते कसं शोधायचं

तक्रार साधारण अशी असते. भाजीच्या वाफ्यांभोवती जाळी लावली, काही दिवस शांततेत गेले आणि मग एका सकाळी घेवड्याचे शेंडे गायब. जाळी आणखी उंच केली, पुन्हा थोडे दिवस बरे गेले, पुन्हा तेच. मग वासाची फवारणी, मग खांबांवर टांगलेल्या साबणाच्या वड्या, मग चकाकणाऱ्या पट्ट्या. प्रत्येक उपाय सुरुवातीला चालतो आणि नंतर बंद पडतो. शेवटी माणूस वैतागून म्हणतो, हरणांपुढे कशाचंच काही चालत नाही.

तसं नाही. उपाय बहुतेक वेळा ठीकच असतो, तो एका ठरावीक जागी फसत असतो आणि ती जागा कुणी पाहिलेली नसते. बहुतेक वेळा खापर उंचीवर फुटतं, कारण उडी मारणारं हरीण सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतं. पण खालून किंवा सरकून जाता येत असेल तर हरीण उडी मारायच्या फंदात पडत नाही. उडी ही त्याच्या दृष्टीने शेवटची वाट. म्हणून पैसे आणि मेहनत आणखी घालण्याआधी तीन गोष्टी ठरवा: खाणारं हरीणच आहे का, ते नेमकं कुठून आलं, आणि त्या ठिकाणी काय कमी पडलं.

खाणारं कोण?

हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे दात आणि वरची कडक हिरडी यांच्यात पान धरून ते ओढून तोडतं. त्यामुळे देठाचं टोक फाटलेलं, चोथा निघाल्यासारखं दिसतं. सशाने खाल्लेल्या देठावर सुरीने मारल्यासारखा स्वच्छ, तिरका काप असतो आणि तो जमिनीपासून दोन फुटांच्या आतच असतो. खाल्लेल्याची उंची कंबरेच्या वर असेल तर ससा बाद. माती उकरलेली, झाड मुळासकट उलटलेलं असेल तर रानडुक्कर. कंद आणि मुळं खणून खाल्लेली आणि जवळपास काटा पडलेला असेल तर साळिंदर. पानाला नुसती भोकं पडली असतील तर तो गोगलगाय-अळ्यांचा विषय आहे, हरणाचा नव्हे.

इथे एक फसवी जागा आहे. शेळी, मेंढी, गाय यांनाही वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे त्यांनी खाल्लेला देठही तसाच फाटका दिसतो. जवळपास मोकाट जनावरं असतील तर देठावरून निकाल देऊ नका, खुराचा ठसा शोधा. हरणाच्या ठशात दोन निमुळते भाग पुढे टोकदार होत जातात. शेळीच्या ठशाची टोकं बोथट असतात. लेंड्यांवर मात्र विसंबू नका. हरणाच्या आणि शेळीच्या लेंड्यांत फरक करणं भल्याभल्यांना जमत नाही.

झाडांच्या खोडाची साल गुडघ्यापासून छातीएवढ्या उंचीवर उभी सोललेली दिसली तर ते खाणं नाही. नर आपली शिंगं खोडावर घासतो. अशा ठिकाणी भाजीवरचे उपाय करून काही होत नाही, कोवळ्या खोडाभोवतीच जाळी गुंडाळावी लागते.

आलं कुठून?

हरणं सहसा संध्याकाळी अंधार पडताना आणि पहाटे चरतात, त्रास जास्त असेल तिथे रात्रभर. म्हणजे तुम्ही ती येताना पाहण्याची शक्यता कमी. म्हणून पुरावा जमिनीवर मिळवायचा. कुंपणाच्या आतल्या बाजूने हातभर रुंदीची पट्टी दाताळ्याने मोकळी करून सपाट करा. दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी घालण्याआधी, पूर्ण फेरी मारा. कोरडी, कडक जमीन असेल तर पट्टीवर बारीक वाळू पसरा.

त्याहून स्वस्त युक्ती सुती दोऱ्याची. शिवणकामाचा साधा दोरा कुंपणाच्या बाहेरून दोन उंचींवर बांधत न्या, एक गुडघ्याच्या थोडा खाली आणि दुसरा छातीच्या उंचीवर. दोरा हलक्या धक्क्यानेही तुटतो, कुणाला इजा होत नाही. खालचा तुटला आणि वरचा शाबूत राहिला तर प्राणी खालून शिरला. दोन्ही शाबूत आणि आत ठसे आहेत तर एकतर त्याने उडी मारली, नाहीतर दोरा नव्हता तिथून, म्हणजे फाटकातून, आत आला. नायलॉनची दोरी किंवा मासेमारीचा दोरा यासाठी वापरू नका. तो तुटत नाही, पायात अडकतो आणि मग दोऱ्याऐवजी प्राण्याचा पाय कापला जातो.

हालचाल टिपणारा कॅमेरा असेल तर उत्तम. मात्र तो वाफ्याकडे तोंड करून लावू नका. वाफ्यात काय होतं ते तुम्हाला आधीच माहीत आहे. कॅमेरा कुंपणाच्या रेषेला समांतर, रेषेच्या लांबीकडे पाहील असा लावा.

बाहेरची बाजूही पाहा. हरणं ठरलेल्या वाटेने ये-जा करतात, आणि दाट गवतात ती वाट स्पष्ट दिसते. कुंपण नेमकं त्या वाटेवर आडवं आलं असेल तर त्या जागी दाब कायम राहणार. तिथला खांब आणि तिथली जाळी बाकी कुंपणापेक्षा मजबूत हवी.

खालून येत असेल तर

माझ्या मते निम्म्याहून अधिक कोडी इथेच सुटतात, आणि तरी लोक आधी वर पाहतात. जाळीच्या खालच्या कडेला वीतभर फट असेल तर मध्यम आकाराचं हरीणही पुढचे गुडघे टेकून, मान खाली घालून आत सरकू शकतं. एवढं मोठं जनावर एवढ्याशा फटीतून जातं यावर विश्वास बसत नाही. म्हणूनच ती फट राहून जाते. सपाट जमिनीवर जाळी व्यवस्थित बसते. पण जमिनीला जिथे लहानसा खळगा आहे, पाण्याचा पाट जातो किंवा पावसाने माती वाहून गेली आहे, तिथे जाळी सरळ रेषेत राहते आणि जमीन खाली जाते.

उपाय साधा आहे. जाळीचा खालचा हात-दीड हाताचा भाग बाहेरच्या बाजूला, म्हणजे हरणाच्या बाजूला, जमिनीवर आडवा दुमडा आणि दर दोन-तीन फुटांवर वाकवलेल्या तारेच्या खुंट्यांनी जमिनीत ठोका. प्राणी अगदी कुंपणालगत येऊन नाक खाली घालतो तेव्हा तो स्वतःच त्या पसरलेल्या जाळीवर उभा असतो, त्यामुळे ती उचलली जात नाही. गवत त्यातून वर आलं की ती जमिनीत घट्ट बसते. आतल्या बाजूला दुमडलेली जाळी दिसायला नीटनेटकी वाटते, पण तिचा काही उपयोग नाही. बाहेरून नाक घातलं की ती वर येते.

पाटाच्या जागी मोठे दगड रचा किंवा आडव्या बांबूला साखळ्या लटकवा. पाणी जाऊ द्यायचं आहे, प्राणी नाही. तिथे बारीक जाळी लावली तर पहिल्याच मोठ्या पावसात पालापाचोळा अडकून कुंपण आडवं होईल.

प्लास्टिकच्या जाळीबाबत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. खालच्या भागात ससे आणि उंदीर दातांनी भोकं पाडतात. भोक मुठीएवढं असतं तेव्हा आपण दुर्लक्ष करतो. हरीण तिथे तोंड घालून धक्का देतं, एकेक धागा तुटतो आणि दाराएवढं भगदाड होतं. प्लास्टिकची जाळीच वापरायची असेल तर खालच्या दोन फुटांना धातूच्या जाळीची जोड द्या. आणि प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होतं. दिसायला जाळी जशीच्या तशी असते, बोटाने ओढली की तुटते. वर्षातून एकदा सगळीकडे बोटाने ओढून पाहा, विशेषतः ऊन जास्त खाणाऱ्या बाजूला.

फाटक

कुंपण सहा फूट आणि फाटक चार फूट, असं चित्र इतक्या ठिकाणी दिसतं की नवल वाटतं. फाटकाची उंची कुंपणाएवढीच हवी. त्याखाली हातगाडीच्या चाकांनी चर पडत जातात, म्हणजे सुरुवातीला चार बोटांची असलेली फट वर्षभरात वीतभर होते. तिथे जमिनीत लाकडी फळी किंवा दगडी उंबरा बसवा. बिजागरीच्या बाजूची उभी फटही तपासा. आणि फाटक आपोआप बंद होईल अशी स्प्रिंग किंवा वजन लावा, कारण दोन्ही हातांत भाजीच्या टोपल्या असलेला माणूस फाटक ‘नंतर’ लावतो.

वरून येत असेल तर

आता उंची. किती हवी हे कोणत्या जातीचं हरीण आहे यावर ठरतं. भेकरासारख्या लहान हरणांना आणि युरोपातल्या रो हरणांना साधारण दीड मीटर उंचीची जाळी अडवते, मात्र भेकराच्या आकाराच्या प्राण्यासाठी जाळीचे चौकोन लहान हवेत, साडेसात सेंटिमीटरच्या आसपास, नाहीतर ते त्यातूनच निघून जातं. लाल हरणासारख्या मोठ्या जातींसाठी 1.8 ते 2 मीटर धरतात. उत्तर अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी 2.4 मीटर हा नेहमी दिला जाणारा आकडा आहे. पिसाटलेलं किंवा पाठलाग होत असलेलं हरीण यापेक्षा जास्तही उडी मारू शकतं, पण भाजी खायला निवांत आलेलं हरीण सहसा तेवढा धोका पत्करत नाही.

पण पट्टी कुठे लावून मोजताय ते महत्त्वाचं. कुंपण उतारावर असेल आणि हरीण वरच्या बाजूने येत असेल, तर ते उडी जिथून घेतं तिथून उंची मोजायला हवी. कुंपणापासून चार-पाच फुटांवर दोन फूट उंच बांध असेल तर तुमचं सहा फुटांचं कुंपण त्या हरणासाठी चार फुटांचं आहे. तेच कुंपणाला लागून असलेल्या खताच्या ढिगाचं, रचलेल्या लाकडांचं, बर्फ पडत असेल तिथे साचलेल्या बर्फाचं. अशा ठिकाणी सगळं कुंपण उंच करू नका. ढीग हलवा, किंवा तेवढाच भाग वाढवा.

सगळीकडेच उंची कमी पडत असेल तर खांब न बदलता करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे दुसरी रांग. हरीण उंच उडी मारतं, लांबही मारतं, पण उंच आणि लांब दोन्ही एकाच उडीत त्याला अवघड जातं. म्हणून चार-साडेचार फुटांची दोन कुंपणं एकमेकांपासून चार-पाच फुटांवर असतील तर ते बाहेरून पाहून थबकतं. पहिलं ओलांडलं तर मधल्या अरुंद पट्ट्यात अडकू, हे त्याला दिसतं. मधला पट्टा रिकामा ठेवायचा नसेल तर तिथे कांदा-लसूण लावा. आतल्या बाजूची रांग म्हणजे भक्कम कुंपणच हवं असं नाही, घट्ट ताणलेल्या दोन तारांवरही काम भागतं.

आणखी एक गोष्ट उंचीइतकीच उपयोगी आहे. आपण कुठे उतरणार ते दिसत नसेल तर हरीण उडी मारायला कचरतं. आरपार न दिसणारी साडेपाच-सहा फुटांची भिंत किंवा फळ्यांचं कुंपण आठ फुटी जाळीच्या बरोबरीचं काम करू शकतं. तसंच आतली जागा अरुंद आणि गजबजलेली असेल, म्हणजे वेलांचे मांडव, खांब, उभे वाफे असतील, तर बाहेरून कमी उंचीचं कुंपणही पुरतं. मोठ्या मोकळ्या मैदानाला एक लांब कुंपण घालण्याऐवजी दोन-तीन लहान चौकोन करणं म्हणूनच अनेकदा फायद्याचं ठरतं.

आणि नवीन कुंपण प्राण्याला दिसलं पाहिजे. पातळ काळी जाळी संध्याकाळी त्याला दिसत नाही, ते धावत येऊन आदळतं, जाळी फाटते आणि तुम्हाला वाटतं त्याने मुद्दाम फाडली. पहिले काही महिने साधारण तीन-चार फुटांच्या उंचीवर पट्ट्या बांधा. पांढऱ्या बांधा, लाल नव्हे. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. निळ्याकडचा रंग त्याला चांगला दिसतो, लाल आणि नारिंगी मंद, मळकट दिसतात. आपल्याला भडक वाटणारी लाल फीत त्याच्या नजरेत झाडीत मिसळून जाते.

झटका मशीन लावलं आहे, तरी येतात

आधी धोक्याचं. घरातल्या विजेची तार सरळ कुंपणाला जोडणं हा उपाय नाही, तो मृत्यूचा सापळा आहे. त्याने प्राण्यांबरोबर माणसंही मरतात. कुंपणासाठी बनवलेलं मशीन साधारण सेकंदाला एक अतिशय अल्प काळाचा ठोका सोडतं. दाब हजारो व्होल्टचा असला तरी ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी टिकतो, म्हणून तो दुखतो पण मारत नाही. खाली जे लिहिलं आहे ते फक्त अशाच मशीनबद्दल.

मशीन टिकटिकतंय म्हणजे कुंपण चालू आहे, ही समजूत आधी सोडा. कुंपणाच्या तारेचे व्होल्ट मोजणारा टेस्टर घ्या आणि मशीनपासून सर्वांत लांबच्या टोकाला मोजा. हरणांसाठी तिथे किमान 3000 ते 4000 व्होल्ट हवेत. कमी असतील तर मशीन बंद करून कुंपणाची तार सोडवा, मग ते चालू करून नुसतं मशीन मोजा. मशीनवर भरपूर आहे आणि तारेवर नाही, तर गळती कुंपणात आहे: तारेला टेकलेलं ओलं गवत, तडकलेला इन्सुलेटर (तारेला खांबापासून वेगळा ठेवणारा तुकडा), खांबावर घसरलेली तार, गंजलेली गाठ. कुंपणाची तार भागाभागाने सोडवून मोजत जा, म्हणजे दोषाचा पट्टा सापडतो. रात्री कान देऊन फिरलात तर गळतीच्या जागी ‘टक टक’ असा बारीक आवाज येतो, कधी ठिणगीही दिसते.

तार ठीक आहे, व्होल्टही आहेत, तरी प्राणी बिनधास्त जातो, तेव्हा जमीन पाहा. झटका तारेतून प्राण्याच्या अंगात, तिथून खुरांतून मातीत आणि मातीतून मशीनच्या अर्थिंगच्या सळईपर्यंत असा वर्तुळात फिरावा लागतो. माती कोरडी ठणठणीत असेल किंवा सळई आखूड असेल तर वर्तुळ पूर्णच होत नाही. तपासायची रीत अशी: मशीन बंद करा, त्यापासून जमेल तितक्या लांब, शक्य असेल तर शंभर मीटरवर, दोन-तीन लोखंडी सळ्या जमिनीत रोवून तारेला टेकवा, मग मशीन चालू करा. तारेवरचा दाब 2000 व्होल्टच्या खाली आला पाहिजे. आता मशीनजवळच्या अर्थिंगच्या सळईवर मोजा. तिथे 200-300 व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर अर्थिंग अपुरं आहे. आणखी सळ्या घाला. किमान तीन हव्यात, प्रत्येकी सुमारे सहा फूट खोल आणि एकमेकींपासून तीनेक मीटरवर, शक्य तितक्या ओलसर जागी. घराच्या विजेच्या अर्थिंगला त्या जोडायच्या नाहीत, त्यापासून दहा मीटर तरी दूर ठेवायच्या. जमीन कायमच कोरडी असेल तर एकाआड एक तार अर्थिंगला जोडतात. प्राणी दोन तारांना एकदम टेकला की मातीची गरज राहत नाही.

हे सगळं जागच्या जागी असूनही एक कारण उरतं: हरणाला झटका बसलेलाच नाही. त्याचे केस जाड आणि पोकळ असतात, ते वीज अडवतात. तार छातीला किंवा पाठीला घासून गेली तर त्याला काही कळत नाही. आणि उडीत असताना चारही पाय हवेत असतात, म्हणजे वर्तुळच तुटलेलं. झटका बसायला हवा नाकाला किंवा जिभेला, तेही पाय जमिनीवर असताना. म्हणून तारेवर जागोजागी ॲल्युमिनियम फॉइलचे तुकडे दुमडून लावतात आणि त्यांच्या आत थोडं पीनट बटर चोपडतात. हरीण वासाने येतं, चाटतं आणि एका झटक्यात धडा शिकतं. पुढे ते कुंपणाच्या जवळ यायलाच बिचकतं, उंचीचा प्रश्नच येत नाही.

यासाठी तारांची जी मांडणी चांगली चालते ती ठेंगणी असते: बाहेर जमिनीपासून दीड फुटावर एक तार, आणि तीनेक फूट आत दुसऱ्या रांगेत दोन तारा, एक सुमारे दहा इंचांवर आणि दुसरी दोन फुटांवर. बघणाऱ्याला हसू येतं, पण दोन रांगांमधलं अंतर हरणाला गोंधळात टाकतं. अट एकच. तारा ओढल्या त्याच दिवशी मशीन चालू झालं पाहिजे. ‘मशीन पुढच्या आठवड्यात येईल’ म्हणून नुसत्या तारा बांधून ठेवल्या तर त्या आठवड्यात हरणं तारा ओलांडायला शिकतात, आणि शिकलेलं हरीण विसरत नाही.

सौर पॅनेलवर चालणारं मशीन असेल तर सलग ढगाळ दिवसांनंतर बॅटरी पाहा. 12 व्होल्टची शिशाची बॅटरी न जोडता मोजल्यावर 12.2 च्या खाली दिसत असेल तर ती निम्म्याहून जास्त रिकामी आहे.

फवारणी चालली आणि मग बंद पडली

वासाचे आणि चवीचे असे दोन प्रकार. कुजलेल्या प्रथिनाचा, म्हणजे अंड्याचा किंवा रक्ताच्या भुकटीचा वास हरणाला शिकारी प्राण्याची चाहूल वाटतो, म्हणून ते लांब राहतं. तिखटासारखी चवीची द्रव्यं एक घास घेतल्यावरच कळतात, म्हणजे पहिला घास गेलाच. घरच्या घरी करता येण्यासारखं मिश्रण म्हणजे एक भाग फेटलेलं अंडं आणि चार भाग पाणी. अंड्यातल्या पिवळ्या बलकाला चिकटलेला पांढरा दोरा काढून टाका आणि मिश्रण गाळून घ्या, नाहीतर पंपाचं तोंड सारखं तुंबतं.

फवारणी फसण्याची कारणं ठरलेली आहेत. पावसाने धुऊन गेली. किंवा झाड वाढलं: फवारलेली पानं तशीच आहेत, पण त्यानंतर आलेले कोवळे शेंडे उघडे आहेत आणि हरणाला हवे असतात ते शेंडेच. वाढीच्या हंगामात दर आठ-दहा दिवसांनी पुन्हा मारायची तयारी नसेल तर फवारणीच्या वाटेला जाऊ नका. किंवा रानातला चारा संपला: कडक उन्हाळ्यात किंवा बर्फाच्या दिवसांत उपाशी हरीण नाक मुठीत धरून खातं. आणि सगळ्यांत जास्त दिसणारं कारण, फवारणी उशिरा झाली. हरणाला वाफ्याची सवय लागण्याआधी वास तिथे असायला हवा. चटक लागल्यावर मारलेला वास त्याला फक्त जेवणाचा भाग वाटतो.

भाजीसाठी यात एक मोठी अडचण आहे जी फुलझाडांना नसते. जे पान तुम्ही खाणार त्यावर कच्च्या अंड्याचं पाणी मारायचं नाही, त्यातून सॅल्मोनेला जंतूंची बाधा होऊ शकते. विकतच्या औषधांपैकी बरीचशी फक्त शोभेच्या झाडांसाठी असतात, डब्यावरचं वाचल्याशिवाय वापरू नका. त्यामुळे भाजीच्या बागेत फवारणीची जागा कुंपणाबाहेरच्या झुडपांवर आणि बांधावर. वाफ्यात नाही.

घाबरवण्याचे उपाय

बुजगावणं, चकाकत्या पट्ट्या, रेडिओ, दिवे, माणसाचे केस: दोन-चार दिवस. आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडणारी यंत्रं यांवर माझा अजिबात भरवसा नाही, हरणं त्यांना लवकर सरावतात. हालचाल होताच पाण्याचा फवारा उडवणारं यंत्र त्यातल्या त्यात बरं, कारण त्यात आवाज, हालचाल आणि अंगावर पाणी तिन्ही अचानक येतं. तेही दर दोन-तीन दिवसांनी जागा बदलली तरच. कुत्रा खरोखर उपयोगी पडतो, पण रात्री बागेत मोकळा असेल तर. बांधलेल्या कुत्र्याची साखळी कुठवर पोचते हे हरणांना फार लवकर कळतं.

काय कुठे लावता

घेवडा, वाटाणा, पालक, लेट्यूस, बीट आणि गाजराचा पाला, रताळ्याचा वेल, हे सगळं हरणाच्या आवडीचं. टोमॅटोचे शेंडेही ते सोडत नाही. कांदा, लसूण, पुदिना, रोजमेरी यांच्याकडे सहसा पाठ फिरवतं, खरखरीत पानांचा भोपळा मागाहून खातं. पण भूक लागली की या यादीला अर्थ राहत नाही. कडेने लसूण लावला म्हणजे आतला घेवडा वाचेल, हे होत नाही. हरीण लसणावरून पलीकडे जातं. यादीचा खरा उपयोग वेगळा: कुंपण सगळ्या बागेला परवडत नसेल तर आवडीची पिकं एका लहान चौकोनात एकत्र आणा आणि तेवढंच भक्कम करा. नावडती बाहेर राहू द्या. एकाच वाफ्यासाठी कमानींवर ताणलेली जाळी पुरते, फक्त ती पानांना टेकता कामा नये. टेकलेलं पान हरीण जाळीतूनच ओढून घेतं. जाळी सैल लोंबकळतही ठेवू नका, त्यात साप, पक्षी आणि नराची शिंगं अडकतात.

हरीण आत सापडलं तर

दुरुस्ती नीट झाली की एक नवीन प्रसंग येऊ शकतो: सकाळी हरीण आतच आहे आणि त्याला बाहेर जाता येत नाही. मागे धावू नका, आरडाओरडा करू नका. घाबरलेलं हरीण जाळीवर आदळून मान मोडून घेतं. फाटक पूर्ण उघडा, त्याच्या विरुद्ध बाजूने सावकाश चालत या किंवा सरळ लांब निघून जा. थोड्या वेळात ते स्वतः वाट शोधतं. जाळीत अडकलेल्या, शिंगं असलेल्या नराजवळ एकट्याने जाऊ नका, वनविभागाला किंवा प्राणी वाचवणाऱ्यांना बोलवा. फास आणि विषारी आमिष यांचा विचारही नको. हरणं मारण्या-पकडण्यावर ठिकठिकाणी कायद्याचे निर्बंध आहेत, आणि फासात पहिलं सापडतं ते बहुधा कुणाचं तरी कुत्रं.

खाल्लेल्या वाफ्याचं काय करायचं

उपटून टाकायची घाई नको. गाजर आणि बीट यांचा पाला गेला तरी कंद जमिनीत असतो, नवा पाला फुटतो, कंद मात्र थोडा लहान राहतो. घेवड्याचा शेंडा गेला असेल पण खाली पानांचे दोन-तीन जोड शिल्लक असतील तर बगलेतून फुटवे येतात. लेट्यूसचा गड्डा जमिनीलगत राहिला असेल तर पुन्हा पानं धरतो. कोबीचा मधला कोंबच गेला असेल तर मात्र तो गड्डा धरत नाही, जागा मोकळी करा.

लेंड्या पडल्या असतील तिथली कच्ची खायची पानं आणि जमिनीला टेकलेली फळं टाकून द्या, नुसती धुऊन चालत नाही. 2011 साली अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात स्ट्रॉबेरीतून ई. कोलाय जंतूंची साथ पसरली होती, तिचा उगम शेतातल्या हरणांच्या विष्ठेत सापडला. लेंड्या हातमोजे घालून उचला, आणि त्या दिवशी बागेतून घरात आल्यावर पायांवर, गुडघ्यांच्या मागे गोचीड नाही ना ते पाहा.

नवे फुटवे येतील तेव्हा ते सगळ्यांत कोवळे असतील. कुंपणाची ती एक जागा त्याआधी बुजवून घ्या, आणि सुती दोरा आणखी काही रात्री राहू द्या.